आटपाट नगरापलीकडील राक्षस

नऊ ते बारा वर्षांच्या वाचकांसाठी इंग्रजीत अलीकडे ज्या अद्भुतरम्य कादंबऱ्या निर्माण झाल्या, त्यांपैकी मेक्सिकोच्या लोककथांवर उभ्या राहिलेल्या कृतींचा परामर्श मराठी वाचकाने, विशेषतः बुलढाणा जिल्ह्यातील वाचकाने, अगत्याने घ्यावा असे मला वाटते. जे. सी. सर्व्हांटेस यांच्या २०१८ मधील ‘द स्टॉर्म रनर’मध्ये काठी टेकत चालणाऱ्या झेनच्या घरामागे निद्रिस्त ज्वालामुखी असून त्यात माया लोकांचा मृत्युदेव बंदिवान आहे, आणि टेहलोर के मेहिया यांच्या २०२० मधील कादंबरीतील विज्ञाननिष्ठ पाओला, आई जिची भीती घालते त्या नदीकाठच्या ‘ला योरोना’ या भुतावर, मैत्रीण नाहीशी होईपर्यंत विश्वास ठेवीत नाही. पूर्वजांचे दैवत येथे थेट मुलाच्या परसात येऊन उभे राहते, आणि या कादंबऱ्यांचे सारे सामर्थ्य मला त्यातच दिसते.

मराठीत विनायक कोंडदेव ओकांच्या ‘बालबोध’ने १८८१ मध्ये आणि वा. गो. आपट्यांच्या ‘आनंद’ने १९०६ मध्ये बालवाङ्मयाची वाट रुळवली, पुढे ‘चांदोबा’ने राजे-राक्षस घरोघरी पोहोचविले, रत्नाकर मतकरींनी ‘निम्मा शिम्मा राक्षस’ रंगभूमीवर आणला, आणि जी. ए. कुलकर्णींच्या ‘बखर बिम्मची’ने घरअंगणातच अद्भुत पाहिले. तथापि आपला राक्षस बहुतांशी आटपाट नगरातच राहिला; त्याला तालुका नाही, शिवार नाही.

वस्तुतः लवणासुराचा मुक्काम सर्वांस ठाऊक आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या विवरात भूमिगत राहणाऱ्या या दैत्याच्या बिळाचे झाकण विष्णूने पायाच्या अंगठ्याने उडविले व त्याचा वध केला, सरोवराचे पाणी हे त्याचे रक्त आणि क्षार हे त्याचे मांस, अशी आख्यायिका असून गावातील दैत्यसूदनाचे मंदिर तिची साक्ष देत उभे आहे. अबुल फजलाने ‘आईन-ए-अकबरी’त, काच व साबण यांस लागणारा जिन्नस येथे निघतो आणि सरकारास त्याचा चांगला महसूल मिळतो, असे नमूद केले. काठावर कमळजा देवीजवळ सासू-सुनेची विहीर आहे. तिच्या एका अंगाचे पाणी गोड, दुसऱ्या अंगाचे खारट. उल्कापाताने बेसाल्ट खडकात पडलेल्या या सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरातील पाणी जून २०२० मध्ये क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे गुलाबी झाले, तेव्हा सूक्ष्मदर्शकाचे ज्ञान असलेल्या आणि आजीकडून दैत्याच्या रक्ताची गोष्टही ऐकलेल्या मुलाच्या मनात काय उसळले असेल! पाओलाची कथा नेमकी याच द्वंद्वातून जन्मते.

याच जिल्ह्यात भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. घागर, मातीची ढेकळे व अठरा धान्ये रात्रभर शेतात ठेवून पहाटे पाऊसपाण्याचे भाकीत वर्तविले जाते. त्या रात्री शेतात कोण येऊन जाते, हे एखाद्या बालकादंबरीने विचारावयास काय हरकत आहे?

लोणार-मेहकरकडील शिक्षकांनी व लेखकांनी वृद्धांच्या तोंडच्या या कथा वेळीच टिपून घ्याव्यात, आणि त्यांतील निदान एकीची, दोन-अडीचशे पानांची, आजच्या मुलाला नायक करणारी कादंबरी लिहावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.