मातीची दोन कामं

मुलांनो, गोरा कुंभारांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. मुक्ताबाईच्या सांगण्यावरून तेरचे गोरोबाकाका थापटणं घेऊन उठले आणि जमलेल्या संतांच्या डोक्यावर मडकं थापटावं तसं थापटत गेले. बाकीचे शांत बसले, नामदेव मात्र चिडले. काका म्हणाले, हे मडकं अजून कच्चं आहे!

ही गोष्ट मला नुकतीच आठवली ती वेगळ्या कारणाने. आमची मुलगी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका रात्री जेवताना ती म्हणाली, "बाबा, मला कुंभारकाम शिकायचंय, आणि आर्ट थेरपीपण. आणि मला एखाद्या लहान गावात राहायचंय." मी पडलो इंजिनिअर. पटकन बोलून गेलो, "छंद म्हणून ठीक आहे गं, पण पोट कसं भरणार?" ती ताटावरून उठून गेली. मग मला वाटलं, प्रश्न आपण विचारला, तर उत्तरही आपणच शोधायला हवं. जे समजलं ते इथे लिहितो, कारण मोठ्या वर्गातल्या आणखी कुणाच्या घरीही हे बोलणं निघेल.

आधी मातीविषयी. वाळलेल्या मातीचा गोळा पाण्यात टाकला की थोड्या वेळात विरघळून चिखल होतो. फुटक्या कुंडीचा तुकडा मात्र वर्षभर पाण्यात राहिला तरी तसाच राहतो. मातीच्या कणांत पाणी रासायनिक रीतीने बांधलेलं असतं. सुमारे ५०० ते ६०० अंश सेल्सिअसला ते निघून जातं, आणि मग मातीचा पुन्हा चिखल होत नाही. यालाच आपण पक्कं मडकं म्हणतो. चिनी मातीच्या बरण्यांसारखी दणकट भांडी करायची तर १२०० अंशांच्या वर जावं लागतं. आम्ही प्रोग्राम लिहिताना चुकलो तर दोन पायऱ्या मागे येऊ शकतो. भट्टीत ती सोय नाही. एक भांडं ओलं राहिलं तर ते फुटतं आणि शेजारची दोन घेऊन जातं.

आता पोटाचा प्रश्न. नॉर्थ कॅरोलिनात सीग्रोव्ह नावाचं जेमतेम अडीचशे वस्तीचं गाव आहे. त्याच्या आसपास अठराव्या शतकापासून कुंभार आहेत, आणि आजही तिथे कुंभारांच्या डझनावारी कार्यशाळा आहेत. पूर्वी तिथे काकवीचे आणि दारूचे बुधले बनत. १९०९ साली त्या राज्यात दारूबंदी आली. काचेच्या बरण्या आणि पत्र्याचे डबेही स्वस्त झाले. बुधल्यांना गिऱ्हाईक उरलं नाही आणि कितीतरी चाकं थांबली. त्या वेळी जॅक्स आणि जुलियाना बझबी या जोडप्याने न्यूयॉर्कमध्ये चहाघर काढून तिथे ही भांडी विकायला ठेवली. १९२१ च्या सुमारास त्यांनी सीग्रोव्हजवळ 'जगटाउन' ही कार्यशाळा उभी केली. १९२३ मध्ये बेन ओवेन नावाचा विशीही न गाठलेला मुलगा तिथे कामाला लागला आणि १९५९ पर्यंत टिकला. त्याचा नातू आज त्याच भागात नावाजलेला कुंभार आहे. म्हणजे हात तेच, माती तीच. फरक पडला तो गिऱ्हाईक शोधल्यामुळे. म्हणूनच त्याच राज्यातल्या हेवूड कम्युनिटी कॉलेजात मातीकामाच्या जोडीला धंद्याचा हिशेबही शिकवतात.

आपल्याकडेही असा प्रयत्न झाला आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा या गांधीवादी कार्यकर्त्याने १९५० च्या दशकात ग्रामोदय संघ सुरू करून कुंभारकामाचं शिक्षण देण्याचं काम हाती घेतलं.

आर्ट थेरपीचं काय? मला आधी वाटलं होतं, कुंभारकाम येत असलं की तेही आपोआप येतं. तसं नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या मार्बलहेडचीच गोष्ट घ्या. मानसिक थकव्याच्या रोग्यांना त्या काळी सक्तीची विश्रांती देत. डॉ. हर्बर्ट हॉल यांना ते पटेना. त्यांनी १९०४ च्या सुमारास रोग्यांना विणकाम, मातीकाम असं हाताचं काम दिलं. मातीकाम शिकवायला आर्थर बॅग्ज हा तरुण आला. पण काही वर्षांतच एक अडचण लक्षात आली. दुकानाला एकसारखी, सुबक भांडी हवीत. रोग्याला त्याच्या गतीने, वाकडंतिकडं करायची मोकळीक हवी. शेवटी भांड्यांचा कारखाना दवाखान्यापासून वेगळा झाला. १९१५ मध्ये बॅग्जने तो विकत घेतला आणि १९३६ पर्यंत चालवला. डॉ. हॉल हातकामातून उपचार करण्याच्या शास्त्राचे एक पुढारी झाले.

माझ्या मते सगळं इथेच आहे. एका कामात भांडं चांगलं व्हायला हवं, दुसऱ्यात माणूस. आर्ट थेरपिस्टसमोर युद्धावरून आलेला सैनिक बसतो, आई गमावलेलं मूल बसतं. त्याने केलेली वाटी फुटली तर तो काय करतो, हे पाहणं हेच तिचं काम. त्यासाठी मानसशास्त्र लागतं. अमेरिकेत या व्यवसायाची संघटना १९६९ मध्ये स्थापन झाली. नोंदणीकृत थेरपिस्ट व्हायला मास्टर्सची पदवी आणि त्यानंतर जाणकारांच्या देखरेखीखाली शेकडो तास काम, एवढं लागतं. परवान्याचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत, म्हणून कुठे राहायचं ते ठरवण्याआधी तिथला नियम पाहावा. खेड्यापाड्यांत मन सावरणारी माणसं कमी आहेत, तेव्हा गरज नक्की आहे. पण गरज आहे म्हणून पगाराची जागा असतेच असं नाही. शाळा, इस्पितळ, वृद्धाश्रम अशा दोन-तीन ठिकाणी मिळून आठवडा भरावा लागू शकतो.

हा रस्ता सोपा नाही. कुंभाराला भट्टी, गॅसचं बिल, उन्हाळी बाजार, शिकवण्या, आणि या देशात आरोग्यविम्याचीही चिंता. पण 'पोट भरत नाही' हे माझं वाक्य चूक होतं. 'कसं भरतं ते आधी पाहून ये' असं म्हणायला हवं होतं.

ते मी आता म्हटलं आहे. तिनेही कबूल केलं आहे की कॉलेजात मानसशास्त्राचे विषय घेईल आणि उन्हाळ्यात एखाद्या कुंभाराकडे माती मळायला जाईल. सुट्टीत आम्ही सीग्रोव्हला जाणार आहोत. तिची आई म्हणते, मुलगी ताटावरून उठली हे खरं, पण त्या रात्री कच्चं मडकं कोण होतं ते गोरोबाकाकांनाच विचारायला हवं!