डेटाबेस-जोडणीतील दोष आणि त्यांचे निदान

महाविद्यालयाची ग्रंथसूची किंवा प्रवेशअर्जाचे पान संगणकावर उघडेनासे झाले, की ‘सर्व्हर डाऊन आहे’ एवढे सांगून आपण मोकळे होतो. पुष्कळदा सर्व्हर चालूच असतो; संकेतस्थळ आणि त्यामागचा मायएसक्यूएल डेटाबेस यांची जोडणी झालेली नसते. अशा वेळी पडद्यावर अथवा लॉग फाईलमध्ये त्रुटीचा क्रमांक उमटतो. विनंती कुठवर पोहोचली हे त्यावरून कळते. तो न वाचता पासवर्ड बदलत बसू नये.

क्रमांक २००२ किंवा २००३ असल्यास विनंती डेटाबेसपर्यंत गेलेलीच नाही. सेवा बंद असेल, पत्ता चुकला असेल किंवा फायरवॉलने ३३०६ हा पोर्ट अडवला असेल. लिनक्सवर ‘लोकलहोस्ट’ लिहिल्यास जोडणी सॉकेट फाईलमधून होते, १२७.०.०.१ लिहिल्यास नेटवर्कमार्गे. दुसऱ्या प्रकाराने काम झाले, तर दोष सॉकेटच्या मार्गात शोधावा.

१०४५ म्हणजे सर्व्हर सापडला, पण त्याने ओळख नाकारली. मायएसक्यूएल वापरकर्त्याचे नावच नव्हे, तर तो कोणत्या यंत्रावरून आला हेही पाहतो. म्हणून पासवर्ड अचूक असूनही नकार येऊ शकतो. १०४९ आल्यास डेटाबेसचे नाव तपासावे. १०४० म्हणजे जोडण्यांची मर्यादा भरली; ती मुळात १५१ असते, आणि निकालाच्या दिवशी तेवढ्या पुरत नाहीत.

खरा घातक दोष मात्र क्रमांकच देत नाही. बालाघाटसारख्या सीमेवरच्या जिल्ह्यात एकाच सूचीत हिंदी, मराठी आणि उर्दू ग्रंथ असतात. आमच्या सूचीत एकदा उर्दू नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे दिसू लागली. जोडणी झाली होती, पण लॅटिन-१ या लिपिसंचात. जोडल्याबरोबर ‘यूटीएफ८एमबी४’ हा संच निवडण्याची एक ओळ घालताच बरीच नावे परत आली. मायएसक्यूएल ८.० पासून, म्हणजे २०१८ पासून, सर्व्हरचा मूळ संच हाच आहे. जुन्या प्रणालीत तो सांगावा लागतो.

काही नावे मात्र परतली नाहीत. त्यांचे तक्ते जुन्या लॅटिन-१ संचातले होते, त्यामुळे साठवतानाच अक्षरांची प्रश्नचिन्हे झाली होती. हे ओळखण्यासाठी ‘हेक्स’ या फलनाने ती नोंद पाहावी. ओळीने ३एफ, ३एफ असेच दिसले, तर मूळ मजकूर गेला असे समजावे. कोणत्याही आज्ञेने तो परत येत नाही. आम्ही ग्रंथालयाची दाखल-नोंदवही काढली आणि ती नावे पुन्हा एकेक करून भरली.