जिन्याची पायरी आणि घर्षण

आमच्या घराचा जिना बांधला तेव्हा पायऱ्यांसाठी काळा घोटीव ग्रॅनाइट मीच पसंत केला होता. आरशासारखी चकाकणारी ती फरशी पाहून येणारा-जाणारा तारीफ करी. पुढे एका पावसाळ्यात माझी आई पाय धुऊन जिना उतरू लागली. दुसऱ्याच पायरीवर तिचा पाय सटकला आणि मनगटाचे हाड मोडले. वर्गात घर्षणाचे नियम शिकवणाऱ्याच्याच घरी ही गोष्ट घडावी! त्या दिवसापासून मी जिन्याकडे भौतिकशास्त्राच्या नजरेने पाहू लागलो. आज तुम्हीही तसेच पाहावे, अशी माझी इच्छा आहे.

आपण चालतो ते घर्षणाच्या जोरावर. पाऊल जमिनीला मागे ढकलते आणि जमीन आपल्याला पुढे ढकलते. घर्षणाचे कमाल बल आणि लंब दाब यांचे गुणोत्तर म्हणजे घर्षणांक. फ्रान्समधील आमाँताँ या शास्त्रज्ञाने १६९९ साली दाखवून दिले, की घर्षण दाबाच्या प्रमाणात वाढते. पुढे कुलोम यानेही या विषयाचा सविस्तर अभ्यास केला. विद्युतभारांच्या नियमामुळे तुम्हाला माहीत असलेला कुलोम तो हाच.

सपाट जमिनीवर नेहमीच्या चालीने चालायला सुमारे ०.२ एवढा घर्षणांक लागतो. पण घाईने उतरताना किंवा हातात ओझे असताना अधिक लागतो, म्हणून हाताशी भरपूर शिल्लक हवी. आता गंमत पाहा. घोटीव दगडसुद्धा कोरडा असताना ही गरज सहज भागवतो. दुकानात आपण नमुना पाहतो तो कोरडाच! आपली फसगत होते ती तिथेच.

पाण्याने काय होते?

ओल्या पायरीवर पाऊल पडले, की तळवा आणि दगड यांच्यामध्ये पाण्याचा पातळ पडदा सापडतो. तो बाजूला सरायला थोडा वेळ लागतो. तेवढ्या क्षणात आपण दगडावर नव्हे, तर पाण्यावर उभे असतो, आणि पाण्याला पकड कुठली? पृष्ठभाग खरखरीत असेल तर त्याचे बारीक उंचवटे पडदा भेदून पावलाला भिडतात आणि खळग्यांतून पाण्याला वाट मिळते. न घोटलेली शहाबादी किंवा कोटा फरशी, अथवा आच देऊन खडबडीत केलेला ग्रॅनाइट ओला असतानाही बरी पकड देतो, त्याचे कारण हेच. त्यात साबण मिसळला, की पकड आणखी घटते.

घरी करून पाहा

घरात उरलेली ६० सेंटिमीटर लांबीची एक फरशी घ्या. तिच्यावर रबरी चप्पल ठेवून चपलेवर एक किलो तांदळाची पिशवी ठेवा. कोणा मोठ्या माणसाच्या मदतीने फरशीची एक कड सावकाश उचला. चप्पल घसरू लागेल त्या क्षणी कडेची उंची मोजा. या उंचीला आडव्या पायाच्या लांबीने भागले, की घर्षणांक मिळतो. समजा, उंची २० सेंटिमीटर भरली. पायथागोरसच्या प्रमेयाने पाया सुमारे ५६.६ सेंटिमीटर येतो आणि घर्षणांक ०.३५. हाच प्रयोग फरशी ओली करून, मग साबणाचे पाणी लावून करा. तांदूळ दोन किलो केले तर काय होते, तेही पाहा. आकडे वहीत शेजारी शेजारी मांडा. जिन्यावर स्वतः घसरून मात्र प्रयोग करू नका!

जर्मनीत सुरू झालेली टाइल्सची एक चाचणी याच तत्त्वावर आधारलेली आहे. तेल लावलेल्या उतारावर ठरावीक बूट घातलेला माणूस चालतो आणि उतार वाढवत नेतात. तो १० ते १९ अंशांच्या दरम्यान घसरला तर त्या टाइलला ‘आर-१०’, १९ ते २७ अंशांपर्यंत टिकला तर ‘आर-११’ अशी श्रेणी देतात. अनवाणी पायांसाठी साबणाच्या पाण्याची वेगळी चाचणी असते. तिच्या श्रेणी ए, बी, सी अशा असून सी सर्वांत सुरक्षित. आपण घरात बहुधा अनवाणी असतो, तेव्हा टाइल घेताना ही श्रेणीही विचारावी.

आच्छादन घालावे का?

काथ्याची चटई, सतरंजीचा तुकडा किंवा गालिचा टाकला, की काम झाले असे अनेकांना वाटते. पण आच्छादनाला दोन बाजू असतात. पाऊल आणि चटई यांत एक घर्षण, चटई आणि पायरी यांत दुसरे. यांतले जे कमजोर, तिथे घसरण होणार! सुटी चटई घोटीव दगडावर टाकणे म्हणजे घसरगुंडी मांडणेच होय. आच्छादन घालायचे तर पातळ, घट्ट विणीचे आणि पूर्ण चिकटवलेले हवे. जाड मऊ गालिच्याने पायरीची कड गोल होते आणि पाऊल टेकायची जागा कमी होते.

जाडीचा आणखी एक हिशेब आहे. समजा, प्रत्येक पायरी १७ सेंटिमीटर उंच आहे आणि सर्व पायऱ्यांवर २ सेंटिमीटर जाडीचा थर बसवला. खालची आणि वरची जमीन मात्र तशीच ठेवली. मधल्या पायऱ्यांत फरक पडणार नाही. पण पहिली चढण १९ सेंटिमीटर होईल आणि शेवटची १५! दोन-तीन पायऱ्यांतच पाय उंची ‘पाठ’ करतो आणि पुढे आपण न पाहता चालतो. अशा वेळी हा लहानसा फरकही ठेच लागायला पुरेसा होतो.

उतरताना पावलाचा पुढचा भाग पायरीच्या कडेजवळ टेकतो, म्हणून पकड सर्वांत जास्त हवी ती कडेवर. तिथे आडव्या खाचा किंवा खरखरीत पट्टी असावी, आणि तिचा रंग पायरीहून वेगळा असावा. काळ्या चकचकीत दगडाच्या कडा मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना एकमेकींत मिसळलेल्या दिसतात.

एक पायरी उतरताना ६० किलोग्रॅम वजनाचा माणूस सुमारे १०० ज्यूल स्थितिज ऊर्जा सोडतो. तीन मीटर उंचीचा जिना कोसळत खाली आला तर १,७०० ज्यूलहून अधिक ऊर्जा हाडांच्या वाट्याला येऊ शकते. पट्टी आणि कठडा यांचा खर्च त्यापुढे काहीच नाही.

आमच्या जिन्याचा ग्रॅनाइट आम्ही उखडला नाही. प्रत्येक कडेवर खरखरीत पिवळी पट्टी बसवली, भिंतीकडे हाताला धरायला नळी लावली, पायऱ्या पुसताना साबण राहणार नाही याची काळजी घेतो, आणि पाय धुण्याच्या जागेपाशी जाड पायपुसणे ठेवले. आई आता पुन्हा एकटी वर जाते. जिना पूर्वीसारखा शोभिवंत दिसत नाही, हे खरे. तुमच्या घरचा जिना कसा आहे? आज संध्याकाळी एकदा खाली बसून त्याच्या पायऱ्यांवरून हात फिरवा, आणि पट्टीने त्यांची उंची मोजून पाहा.