अर्क, जंतू आणि मिठागरातले जीव

अडुळशाची पानं सावलीत वाळवायची, भुकटी करून इथेनॉलमध्ये भिजत घालायची, गाळायची आणि द्रावक उडवून टाकायचं. तळाशी उरतो गडद हिरवा, चिकट अर्क. त्यात जंतूंना रोखायची ताकद आहे का, हे कॉलेजच्या साध्या प्रयोगशाळेतही एका रात्रीत नुसत्या डोळ्यांना दिसतं, याचं मला अजून नवल वाटतं.

पेट्री डिशमध्ये अगार ओतून थिजवतात. त्यावर जंतूंचं पाणी कापसाच्या बोळ्याने सगळीकडे सारखं फासतात. मग अर्क जिरवलेली, जेमतेम ६ मिलिमीटर व्यासाची कागदी चकती वर ठेवतात. शेजारी आणखी दोन चकत्या: एक नेहमीच्या प्रतिजैविकाची, दुसरी नुसत्या द्रावकाची. जंतू पानाने रोखले की द्रावकाने, हा घोळ मग राहत नाही. ३५ ते ३७ अंश सेल्सिअसच्या उबेत सकाळपर्यंत जंतूंचा दुधी थर धरतो, आणि अर्क लागू पडला असेल तर चकतीभोवती स्वच्छ, पारदर्शक वर्तुळ उमटतं.

मोठं वर्तुळ म्हणजे जोरकस अर्क, असं मात्र लगेच म्हणता येत नाही. अगारमधून सहज न पसरणारा पदार्थ ताकदवान असूनही लहान वर्तुळ देतो. म्हणून पुढे अर्क निम्मा-निम्मा पातळ करत, वाढ थांबवणारं कमीत कमी प्रमाण शोधतात. जंतूजंतूंतही फरक. गळवं आणणारा स्टॅफिलोकॉकस बऱ्याच अर्कांपुढे नमतो. ई. कोलायला जादा बाह्य पटल असतं, ते कित्येक रेणूंना आत शिरूच देत नाही.

पण जंतू तर फिनाइलनेही मरतात! अर्क आपल्याला बाधेल का, याची पहिली चाचपणी करायला खाऱ्या पाण्यातला आर्टेमिया नावाचा चिमुकला जीव कामी येतो. त्याची सुकी अंडी वर्षानुवर्षं निपचित पडून राहतात आणि मिठाच्या पाण्यात पडली की एकदोन दिवसांत फुटतात. भांड्याचा अर्धा भाग झाकून अंडी अंधारात टाकायची. पिल्लं आपणहून उजेडाकडे पोहत येतात, टरफलं मागे राहतात. मग दहा-दहा पिल्लं वेगवेगळ्या तीव्रतेच्या अर्कात सोडून २४ तासांनी जिवंत किती, ते भिंगातून मोजायचं. ही पद्धत अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी १९८२ साली मांडली. मिलिलिटरला १००० मायक्रोग्रॅमहून कमी अर्कात निम्मी पिल्लं मेली, तर तो विषारी धरतात. ही अर्थात पहिली चाळणी. पेशींवरच्या आणि उंदरांवरच्या चाचण्या पुढेच.

मला सगळ्यात थक्क करतं ते दारुहळदीच्या कुळातलं एक अमेरिकी झुडूप. त्यातलं बर्बेरिन जंतूंवर चालतं, पण स्टॅफिलोकॉकस ते होडीतलं पाणी उपसावं तसं पेशीबाहेर फेकत राहतो. २००० साली संशोधकांनी दाखवून दिलं, की त्याच झुडपाच्या पानांत आणखी एक रेणू असतो आणि तो जंतूचा हा पंपच बंद पाडतो. बर्बेरिन मग आत साठतं आणि जंतूची वाढ थांबते. हा रेणू एकट्याने जंतूचं काहीच बिघडवत नाही. घटक सुटे करून एकेक तपासले असते, तर तो बिनकामाचा म्हणून बाजूलाच पडला असता.