पुण्यात ऐकलेली कोकणातली हाक

रत्नागिरीजवळच्या एखाद्या वाडीतून अपरात्री कुणी १०८ हा क्रमांक लावला, तर तो दूरध्वनी रत्नागिरीत वाजत नाही. तो वाजतो पुण्यात, औंध येथील नियंत्रण कक्षात. तेथे कानाला हेडफोन लावून बसलेल्या व्यक्तीने भाट्याची खाडी कदाचित कधी पाहिलेली नसते. पाखाडी म्हणजे काय, हे तिला ठाऊक असेलच असे नाही. त्याच रात्री तिने आधी नंदुरबारचा, लातूरचा, गडचिरोलीचा आवाज ऐकलेला असतो. आपल्या घरातील माणसाचा जीव काही मिनिटांपुरता तिच्या ऐकण्यावर आणि आपल्या सांगण्यावर अवलंबून असतो. म्हणून वाचकहो, आज आपण थोडा वेळ त्या खुर्चीत बसून पाहू या.

आपत्कालीन हाकेसाठी स्वतंत्र क्रमांक असावा ही कल्पना फार जुनी नाही. लंडनमध्ये १९३५ साली विम्पोल स्ट्रीटवरील एका घराला आग लागून पाच स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. शेजाऱ्याने अग्निशमन दलाला फोन लावला होता. पण तो इतर फोनांच्या रांगेत अडकून राहिला. त्यातून १९३७ साली तेथे ९९९ हा क्रमांक सुरू झाला. तो फिरवला की दूरध्वनी केंद्रात भोंगा वाजे आणि लाल दिवा लागे. आपल्याकडे १०८ ची सेवा २००५ साली हैदराबादेत सुरू झाली आणि महाराष्ट्रात २६ जानेवारी २०१४ रोजी आली. प्रारंभी ९३७ रुग्णवाहिका होत्या. त्यांपैकी २३३ गाड्यांत हृदयाला झटका देण्याच्या यंत्रासह प्रगत साधने होती, तर उरलेल्या ७०४ मूलभूत उपचारांच्या होत्या. गाडीसोबत डॉक्टर असतो, हे या सेवेचे वैशिष्ट्य. सेवा विनामूल्य आहे. जपमाळेच्या मण्यांइतकाच आकडा असल्याने आपल्या पिढीला तो लक्षात ठेवायला काही सायास पडत नाहीत, ही आणखी एक सोय!

आता त्या खुर्चीकडे. फोन उचलणाऱ्याला सर्वप्रथम हवे असते ठिकाण. आजार त्यानंतर. हा क्रम अनेकांना निष्ठुर वाटतो. इकडे यजमान जमिनीवर कोसळलेले आणि पलीकडची मुलगी विचारते, "आजी, तालुका कोणता?" पण तिच्या बाजूने विचार करा. फोन मध्येच तुटला आणि ठिकाण कळलेले असले, तर गाडी निघू शकते. आजाराचे सविस्तर वर्णन कळले आणि ठिकाण राहिले, तर काहीच करता येत नाही.

ठिकाण सांगणे कोकणात सोपे नाही. 'खेड' म्हटले तर ते रत्नागिरी जिल्ह्यातले की पुणे जिल्ह्यातले? 'पाली' म्हटले तर मुंबई-गोवा महामार्गावरची, रत्नागिरी तालुक्यातली, की बल्लाळेश्वराची, रायगडातली? गुरववाडी, तेलीवाडी, खालची वाडी, वरची वाडी तर गावोगाव आहेत. मोबाइलच्या मनोऱ्यावरून कळणारे स्थान हे कित्येकदा एक ढोबळ वर्तुळ असते. डोंगराळ मुलखात, जेथे मनोरे विरळ आहेत, तेथे त्या वर्तुळात चार वाड्या येतात आणि कधी खाडीचे दोन्ही काठ येतात. जयगड आणि तवसाळ समोरासमोर दिसतात, फेरीबोटीने ते अंतर काही मिनिटांचे. रस्त्याने मात्र खाडीला मोठा वळसा पडतो. दाभोळ आणि धोपावे यांचेही तसेच. 'खाडीच्या अलीकडे की पलीकडे' हा प्रश्न म्हणूनच साधा नसतो. जिल्हा, तालुका, गाव, वाडी आणि मग खूण, या क्रमाने सांगावे. खूणही परक्याला दिसेल अशी हवी. 'आंब्याच्या कलमांची बाग' ही खूण कोकणात खूण नव्हेच. मराठी शाळा, ग्रामपंचायत, एसटीचा थांबा, देऊळ, पाण्याची टाकी ही खरी खूण. आणि गाडी दारापर्यंत येते की पाखाडीच्या खालीच थांबते, हे आधीच सांगितले तर डॉक्टर स्ट्रेचर हातात घेऊनच चढू लागतो.

"प्रश्न कसले विचारता, आधी गाडी पाठवा!" ही तक्रार त्या कक्षात नित्याची असणार. आपत्कालीन कक्षांची साधारण रचना अशी असते की ठिकाण आणि मुख्य तक्रार नोंदली गेली की गाडी निवडण्याचे व धाडण्याचे काम वेगळ्या हातांनी सुरू होते, आणि आपल्याशी बोलणारी व्यक्ती पुढची माहिती घेत राहते. त्यामुळे उत्तरे देत राहिल्याने गाडी थांबत नाही. रागाने फोन ठेवला तर मात्र पुढच्या सूचना हुकतात. समोरच्याने "आता ठेवा" म्हणेपर्यंत फोन ठेवू नये. ऐकू कमी येत असेल तर फोन स्पीकरवर टाकून रुग्णाजवळ ठेवावा.

या कामातील सर्वांत अवघड भाग माझ्या मते भाषेचा आहे. आजार पुस्तकी नावाने कुणी सांगत नाही. 'घेरी आली', 'कळ आली', 'धाप लागली', 'आकडी आली', 'तोंड वाकडं झालं', 'कसंनुसं होतंय' या शब्दांतून ऐकणाऱ्याला हृदय, मेंदू की फुप्फुस हे ताडायचे असते. रात्री सापाचे नाव घेऊ नये या जुन्या समजुतीने आपल्याकडची वडीलधारी माणसे 'पान लागलं' किंवा 'जनावर लागलं' असे म्हणतात. देशावरच्या तरुण माणसाला 'जनावर' म्हणजे कुत्रा किंवा रानडुक्कर वाटले, तर दोष कुणाला द्यावा? तेव्हा संकेत बाजूला ठेवून 'साप चावला' असेच म्हणावे. चावलेल्या माणसाला चालवू नये, हात किंवा पाय स्थिर ठेवावा, घट्ट दोरी बांधू नये, चिरा देऊ नये. आणि कोठे प्रतिविषाची सोय आहे, हे त्या कक्षालाच विचारावे.

मग येतात ते दोन प्रश्न, ज्यांच्यावर सर्वाधिक टांगलेले असते : माणूस शुद्धीवर आहे का? आणि श्वास नीट चालू आहे का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर घरोघरी चुकते. हृदय बंद पडल्यावरही काही मिनिटे माणूस अधूनमधून आचका दिल्यासारखा, घोरल्यासारखा श्वास घेतो. घरचे म्हणतात, "श्वास आहे हो!" आणि वाट पाहत बसतात. तो श्वास नव्हे. सांगताना 'नीट, नेहमीसारखा' आहे की 'मधूनच, आचक्यासारखा', हे वेगळे करून सांगावे. शुद्ध नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढे कळले की छाती दाबायला सुरुवात करायची असते.

हे काम फोनवरून शिकवता येते, हे जगाने गेल्या अर्धशतकात अनुभवले. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीचे डॉ. जेफ क्लॉसन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस फोन घेणाऱ्यांसाठी प्रश्नांची व सूचनांची पत्रके तयार केली. तोवर फोन घेणारा म्हणजे निरोप्या, अशीच समजूत होती. भारतातील भूलतज्ज्ञ व पुनरुज्जीवनतज्ज्ञ सामान्य माणसाला तोंडाने श्वास देण्याच्या भानगडीत न पडता केवळ छाती दाबण्याचा सल्ला देतात. रुग्णाला कठीण जमिनीवर उताणे निजवावे, छातीच्या मध्यभागी एका तळहातावर दुसरा ठेवून, कोपर ताठ ठेवून दाबावे. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल. "बरगडी मोडेल हो," ही भीती वृद्धांच्या बाबतीत खरीही ठरते. पण बरगडी पुढे सांधते. स्वतःचे गुडघे दुखत असतील आणि खाली बसता येत नसेल, तर ओरडून शेजाऱ्याला बोलावणे हेच आपले काम. फोन हातात ठेवून सूचना मोठ्याने त्याला सांगत राहावे.

अशा वेळी माणूस किंचाळतो, रडतो, ऐकत नाही. त्यावर या व्यवसायात एक जुना उपाय शिकवला जातो : तेच वाक्य, त्याच शब्दांत, त्याच स्वरात, पुन्हा पुन्हा म्हणत राहणे. "काकू, मी सांगते तसं करा, आपण त्यांना मदत करू या." तीनदा, चारदा. आवाज चढवायचा नाही, शब्द बदलायचे नाहीत. ऐकणाऱ्याला ते यांत्रिक वाटू शकते, पण भेदरलेल्या मनाला धरायला तोच एक दोर असतो.

पक्षाघाताच्या बाबतीत प्रश्न वेळेचा असतो. तोंड वाकडे, एक हात खाली पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही दिसले तरी घड्याळ पाहावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि जितके लवकर तितके चांगले. म्हणून "कधी सुरू झालं?" यापेक्षा "ठणठणीत असे शेवटचे कधी पाहिले?" हा प्रश्न मोलाचा. सकाळी उठल्यावर त्रास दिसला, तर वेळ उठल्याची धरत नाहीत, रात्री निजताना ठीक होते ती धरतात. शिवाय आपल्या भागातून जेथे मेंदूचा सीटी स्कॅन होतो तेथे पोहोचायलाच वेळ जातो. 'सकाळपर्यंत पाहू' म्हणण्याइतकी उसंत कोकणातल्या रस्त्यांनी आपल्याला दिलेली नाही.

खुर्चीतल्या माणसाचे काय होते? त्याला गोष्टीचा शेवट कधीच कळत नाही. गाडी पोहोचली की ओळ बंद होते आणि दुसरी सुरू होते. तो माणूस वाचला की नाही, आजींना पुढे कुणी सांभाळले, हे कळण्याची वाट नसते. प्रत्यक्ष घटनास्थळी कधीही न गेलेल्या या कर्मचाऱ्यांत आघातोत्तर ताणाची लक्षणे आढळतात, असे परदेशातील अभ्यासांत दिसले आहे. त्यात भर पडते ती थट्टेच्या आणि चुकून लागलेल्या फोनांची. नातवंडाच्या हाती मोबाइल देताना एवढे ध्यानी असू द्यावे.

आता जो प्रश्न आपल्या बहुतेकांच्या घरचा आहे, त्याकडे वळतो. आई-वडील गावी, मुले मुंबईत किंवा परदेशी. वडिलांनी रात्री मुलाला फोन केला आणि मुलगा मुंबईत असला, तर तोही १०८ लावू शकतो, कारण संपूर्ण राज्याची हाक एकाच कक्षात जाते. मुलगी बंगळुरूला असेल तर तिचा १०८ कर्नाटकच्या कक्षात वाजेल. दुबईहून किंवा अमेरिकेतून तर तो लागणारच नाही. म्हणून दूरच्या मुलांनी पहिला फोन कुणा शेजाऱ्याला करायचा हे ठरलेले असावे, आणि त्या शेजाऱ्यालाही ते ठाऊक असावे.

मुलांचे आणखी एक प्रेमळ संकट असते. बातमी कळताच मुंबईहून मुलगा, पुण्याहून सून, ठाण्याहून जावई एकामागून एक फोन करतात. त्याच वेळी हातखंब्याच्या किंवा निवळीच्या फाट्यावर थांबलेला रुग्णवाहिकेचा डॉक्टर रस्ता विचारायला तोच क्रमांक लावत असतो आणि तो व्यस्त येतो. ज्या फोनवरून मदत मागितली तो मोकळा राहिला पाहिजे. घरात एकच फोन असेल तर मुलांनी शेजारच्या घरी फोन करून विचारपूस करावी.

११२ हा क्रमांकही आपल्याला ऐकून माहीत असेल. पोलीस, अग्निशमन, वैद्यकीय मदत अशा सर्वांसाठी तो आहे. चोर, आग, अपघात असे काही एकत्र असले तर तो लावावा. नव्या मोबाइलमध्ये संकटकाळी चटकन हाक देण्याची सोय असावी असा २०१७ पासून नियम आहे. साध्या फोनवर ५ किंवा ९ चा आकडा दाबून धरायचा असतो, स्मार्टफोनवर पॉवरचे बटण लागोपाठ तीनदा. आपल्या फोनवर ती कशी चालते, हे कुणा जाणत्याकडून समजून घ्यावे. एकाकी वाटणे, छळ, निवृत्तिवेतनाची अडचण अशा गोष्टींसाठी ज्येष्ठांची स्वतंत्र हेल्पलाइन १४५६७ आहे. त्यासाठी १०८ ची ओळ अडवू नये.

फोनच बंद पडला तर? २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले, तेव्हा वीज गेली आणि मोबाइलही मुके झाले. अशा दिवशी कोणताही कक्ष कितीही सज्ज असला तरी त्याला हाक पोहोचत नाही. पावसाळ्यात चार्ज केलेली पॉवर बँक, महिनाभराची औषधे आणि उंचावर राहणाऱ्या एखाद्या घराशी बोलून ठेवलेले असणे, एवढेच आपल्या हाती असते. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ हाही जवळ असावा.

शेवटी एका कागदाची गोष्ट. फोनजवळच्या भिंतीवर, चष्मा न लावताही वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहून लावावे : जिल्हा, तालुका, गाव, वाडी, खूण, गाडी कोठपर्यंत येते, खाली आजार, चालू गोळ्या, रक्त पातळ करण्याची गोळी असल्यास तिचे नाव ठळक, आणि जवळच्या दोन शेजाऱ्यांचे क्रमांक. घाबरल्यावर आपल्याला स्वतःचा पत्तादेखील आठवत नाही, यात लाजण्यासारखे काही नाही. गाडी निघाली असे कळले की ओटीवरचा दिवा लावावा, बेडे उघडावे, कुत्रा बांधावा आणि एखाद्याने बॅटरी घेऊन फाट्यावर उभे राहावे. येत्या गणपतीत चाकरमानी घरी येतील तेव्हा हा कागद त्यांच्याकडूनच लिहून घ्या, आणि त्यांतल्या एकाला तो मोठ्याने वाचायला लावून, मुंबईत वाढलेल्या नातवाला त्यावरून घर सापडते का, हे पाहा.