शब्दांचा दफ्तरखाना

अरुणावतीकाठच्या आर्णीत भ्रमणध्वनीवर शब्दखेळ खेळणाऱ्या एखाद्या मुलाने ‘रस’ हा शब्द मांडताच तो कोशात असल्याचा निर्वाळा यंत्र क्षणार्धात देते, तेव्हा ते कोश पहिल्या पानापासून चाळीत असेल, असे समजण्याचे कारण नाही. साठ हजार शब्द अकारविल्हे लावून, दर वेळी निम्मा कोश बाजूस सारीत शोध घेतला, तरी सोळापर्यंत तुलना कराव्या लागतात. परंतु १९५३ साली आयबीएममधील हान्स पीटर लून यांनी सुचविलेली युक्ती शब्दालाच आपला पत्ता सांगावयास लावते.

क्रमांक घातलेले दहा रुमाल असलेला दफ्तरखाना कल्पावा. वर्णमालेत क पासून मोजता र सत्ताविसावा आणि स बत्तिसावा. बेरीज एकोणसाठ, तिला दहाने भागता बाकी नऊ, म्हणून ‘रस’ नवव्या रुमालात. मात्र ‘सर’ याचीही बेरीज तीच, आणि अक्षरे उलटसुलट करण्याच्या खेळात असा संघर्ष पावलोपावली उद्भवणार! यास्तव दुसऱ्या अक्षराची दुप्पट धरावी: ‘रस’ ९१ होऊन पहिल्या, तर ‘सर’ ८६ होऊन सहाव्या रुमालात जातो.

एवढे करूनही काही शब्द एकाच रुमालात येतातच. त्यांची तेथे साखळी करून शब्द अक्षरशः ताडून पाहावा लागतो. रुमाल मुबलक असले, तर साखळ्या आखूड राहतात, आणि कोश कितीही वाढला तरी शोधाचा वेळ बहुधा तेवढाच राहतो. अर्थात ‘र’ने आरंभ होणारे सारे शब्द मागितले, तर हा दफ्तरदार निरुत्तर होतो, तेथे अकारविल्हेच खरी.