कासव, कुंचला आणि कोहेन

चित्र काढणारी यंत्रं हॅरॉल्ड कोहेनच्या आधीही होती. ज्याँ टँग्ली या स्विस शिल्पकाराने १९५९ साली पॅरिसमध्ये मोटारी, पुल्या आणि पट्टे जोडून ‘मेटा-मॅटिक’ नावाची यंत्रं उभी केली. ती खडखडत, थरथरत कागदावर रेघोट्या मारायची आणि त्या काळच्या अमूर्त चित्रकारांची आपसूक टवाळी व्हायची. मँचेस्टरला तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या डेस्मंड पॉल हेन्रीने दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांची, बॉम्बचा नेम साधणारी गणकयंत्रं मिळवली, त्यांना पेनं लावली आणि साठच्या दशकात त्यांच्याकडून चित्रं काढून घेतली. पण आपल्या यंत्राला चित्रकलेतलं काही कळावं, अशी या दोघांची अपेक्षा नव्हती. कोहेनची होती. त्यापायी तो चाळीसहून अधिक वर्षं एकाच प्रोग्रॅमवर खपला. त्या प्रोग्रॅमला हात हवेत म्हणून त्याने यंत्रं बांधली, आणि ती उत्तम चालू लागल्यावर एकामागून एक बाजूलाही सारली. त्याची गोष्ट सांगावीशी वाटते ती या बाजूला सारण्यामुळे.

कोहेन मुळात रंगांचा माणूस. १९२८ साली लंडनमध्ये जन्मला, स्लेड कलाशाळेत शिकला आणि अमूर्त चित्रांवर नाव कमावलं. १९६६च्या व्हेनिस बिएनालेत ब्रिटनच्या दालनासाठी जे पाच जण निवडले गेले, त्यांत तो होता आणि त्याचा धाकटा भाऊ बर्नार्डही होता. या मुक्कामावर पोचलेला चित्रकार सहसा हाती लागलेली शैली सोडत नाही. गॅलऱ्यांनाही तेच सोयीचं असतं. कोहेन १९६८ साली एका वर्षासाठी म्हणून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या कलाविभागात शिकवायला गेला आणि तिथलाच झाला. तिथे संगीत शिकायला आलेल्या जेफ रास्किनने त्याला प्रोग्रॅमिंगची दीक्षा दिली. हा तोच रास्किन, ज्याने पुढे ॲपलमध्ये मॅकिंटॉशचा प्रकल्प सुरू केला. चाळिशीतल्या चित्रकाराने पंच केलेल्या कार्डांचे गठ्ठे घेऊन संगणकासमोर ताटकळत बसायचं, हे तेव्हाच्या कलाजगताला शुद्ध वेडेपण वाटलं असल्यास नवल नाही.

त्याला छळणारा प्रश्न मात्र चित्रकाराचाच होता. कागदावरच्या खुणा ‘चित्र’ कधी होतात? कमीत कमी काय असलं की बघणाऱ्याला त्यात कोणाचा तरी हेतू दिसू लागतो? कॅलिफोर्नियातल्या चाल्फंट खोऱ्यातली प्राचीन कातळशिल्पं पाहिल्यावर हा प्रश्न त्याच्या मनात पक्का बसला. ती कोणी कोरली, कशासाठी कोरली, काही ठाऊक नाही. तरी ती अर्थपूर्ण वाटतात, यात शंका येत नाही. कोकणातल्या सड्यांवर उन्हातान्हात अशा आकृत्या शोधत हिंडलेल्यांना या अनुभवाबद्दल वेगळं सांगायला नको. कोहेनने याच्या जोडीला लहान मुलांच्या गिरगोट्या पाहिल्या. मूल आधी नुसतं गरगरा पेन फिरवतं. मग एके दिवशी त्या गुंत्याभोवती एक बंद रेघ काढतं आणि त्या क्षणापासून ते कशाचं तरी चित्र असतं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला संगणकशास्त्रज्ञ एडवर्ड फायगनबॉमच्या निमंत्रणावरून तो स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत दोन वर्षं राहिला. तिथेच त्याचा तो प्रोग्रॅम, ‘आरॉन’, आकाराला आला. आरॉनला डोळे नाहीत. कॅमेरा नाही, आधी पाहिलेली चित्रं नाहीत, कोणाची नक्कल नाही. त्याच्याकडे फक्त नियम आहेत: बंद आकृती आणि उघडी रेघ यांतला फरक, आत आणि बाहेर, पुढचं आणि मागचं, एकाने दुसऱ्याला झाकणं, कागदावर कुठे जागा उरली आहे. आपण काय काय काढलं, एवढं त्याच्या ध्यानात राहतं आणि त्यावरून पुढे काय काढायचं ते ठरतं. आज कोट्यवधी चित्रं गिळून चित्र ओकणाऱ्या ज्या प्रणालींना आपण सरसकट ‘एआय’ म्हणतो, त्यांच्या हा अगदी उलट टोकाला उभा आहे. त्याला जे येतं ते सगळं एका माणसाने, स्वतःच्या हाताला काय येतं हे खोदून खोदून आठवत, ओळीमागून ओळ लिहून ठेवलेलं आहे.

त्याची रेघ बघण्यासारखी आहे. संगणकाला दोन बिंदू दिले की तो त्यांना जोडणारी बिनचूक रेषा काढतो, आणि ती बघवत नाही इतकी निर्जीव असते. आरॉन तशी काढत नाही. कुठे पोचायचं ते त्याला माहीत असतं, पण वाट आधीपासून आखलेली नसते. तो थोडं पुढे जातो, दिशा किती चुकली ते पाहतो, वळतो, पुन्हा थोडं जातो. छापा ठेवून उठवलेली रांगोळी आणि चिमटीतून सोडलेली रांगोळी यांत जो फरक, तोच या दोन रेषांत. आरॉनचा हात कापत नाही, पण दर पावलाला तो सावरून घेतो आणि ते सावरणं रेघेत उतरतं. मला विचाराल तर कोहेनचं सर्वांत मोठं काम हेच. पुढची सगळी माणसं, झाडं आणि रंग त्यानंतरचे.

ही रेघ कागदावर उतरवायला त्याने कासव केलं. पोटाशी पेन लावलेली, चाकांची छोटी गाडी जमिनीवर पसरलेल्या मोठ्या कागदावर फिरायची. ती नेमकी कुठे आहे, हे ध्वनिलहरींच्या मदतीने संगणकाला कळायचं. १९७७ साली जर्मनीतल्या कासेल इथे डॉक्युमेंटा प्रदर्शनात आणि पाठोपाठ ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात लोकांनी हे कासव पाहिलं. १९७९ साली ते सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कला संग्रहालयातही चित्रं काढत होतं. प्रेक्षक खुळावले. कासव थबकलं की ते विचार करतंय, वळलं की त्याचं मन बदललं, असं त्यांना वाटे. चित्र बाजूलाच राही. कोहेनला हे खटकलं, कारण त्याच्या लेखी कासव म्हणजे नुसता पेन होता. विचार म्हणावं असं जे काही होतं, ते कोपऱ्यातल्या पीडीपी-११ संगणकात चाललं होतं. गर्दी खेचणारं खेळणं हातात असताना त्याने ते सोडलं आणि टेबलावर सपाट बसणाऱ्या, दिसायला नीरस अशा प्लॉटरकडे वळला. दुसऱ्या कोणी त्या कासवाला सोबत घेऊन जगभर दौरे केले असते.

ऐंशीच्या दशकात आरॉन माणसं काढू लागला. त्यासाठी कोहेनला त्याला शरीर शिकवावं लागलं: डोकं धडाच्या मानाने किती मोठं, कोपर कुठल्या दिशेला वाकतं आणि कुठल्या नाही, तोल कसा राहतो. झाडांचंही तसंच, फांद्या कशा फुटतात, पानं कुठे येतात. वस्तू कशी दिसते हे सांगून भागेना. ती कशी घडली आहे हे सांगावं लागलं. रंग भरायचे ते मात्र स्वतः कोहेनच भरत होता. यंत्राने रेषा काढायच्या आणि चित्रकाराने मागाहून कुंचला घेऊन बसायचं, ही व्यवस्था त्याला अपुरी वाटणं साहजिक होतं. तो रंगांसाठीच नावाजलेला, आणि नेमकं तेच त्याला यंत्राला सांगता येईना.

अडचण खोल होती. चित्रकार रंग लावतो, मागे सरतो, डोळे बारीक करतो, पुन्हा लावतो. हे सगळं पाहण्यावर चालतं आणि आरॉनला पाहता येत नाही. बरीच वर्षं अडकल्यावर कोहेनने वाट काढली ती अशी: यंत्राला माणसासारखं पाहायला लावायचंच नाही, सगळी रंगयोजना डोक्यातल्या डोक्यात मांडण्याची जी ताकद माणसाला नाही, ती त्याला द्यायची. मग नियम रंगांच्या नावांवर नव्हे, तर त्यांच्या उजेड-अंधारावर, प्रखरतेवर आणि आपसांतल्या अंतरावर बेतले गेले. त्यातही उजेड-अंधार आधी, बाकीचं मागून. यासाठी त्याने आधीची सी भाषा सोडून लिस्पमध्ये सगळं नव्याने लिहिलं. साठी उलटलेल्या माणसाने केलेला हा खटाटोप आहे.

मग पुन्हा हात बांधायची वेळ आली. १९९५ साली बॉस्टनच्या संगणक संग्रहालयात जे यंत्र मांडलं गेलं, ते खरोखर रंगवायचं. मोठ्या टेबलावर सरकणारा यांत्रिक हात, रंगांच्या बाटल्या, पेले, लहानमोठे कुंचले. आरॉन प्रमाण ठरवून द्रवरंग मिसळे, पेला उचले, कुंचला निवडे, आधी कडेने आणि मग आत रंग भरे आणि काम झालं की भांडी धुऊन ठेवी. स्टुडिओतल्या नळाशी कुंचले वाळत टाकून निघून जाणारे विद्यार्थी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या शिस्तीचं कौतुक वाटेल. प्रेक्षकांनाही वाटलं. ते भांडी धुणारं यंत्र बघत उभे राहत आणि चित्र पुन्हा बाजूला पडे. कोहेनने याही यंत्राचा मोह ठेवला नाही. पुढची चित्रं मोठ्या इंकजेट प्रिंटरवर निघू लागली. हा निर्णय मला अर्धाच पटतो. कुंचल्याने रंगवलेल्या पृष्ठभागावर काहीतरी उरतं, ते छापील शाईत उरत नाही. आणि नव्वदच्या दशकातली कुंडीतल्या रोपांशेजारी उभी राहिलेली माणसं जरा लाकडीच वाटतात. सत्तरच्या दशकातल्या कासवाच्या रेघांपुढे ती फिकी पडतात.

आरॉन सर्जनशील आहे का, हे त्याला प्रत्येक व्यासपीठावर विचारलं जाई. तो ‘हो’ म्हणायला तयार नसे. यंत्र स्वतःचे नियम स्वतः बदलत नाही तोवर हा शब्द वापरायचा नाही, अशा वळणाचं त्याचं म्हणणं असे. त्यामुळेच २००१ साली संशोधक रे कुर्झवीलच्या कंपनीने आरॉन स्क्रीनसेव्हर म्हणून घरोघरच्या संगणकांत पोचवला, तरी त्याचा देव्हारा झाला नाही. वयाच्या ऐंशीनंतर तर कोहेनने गणित उलटंच केलं. आरॉनने रचलेली चित्रं तो मोठ्या टचस्क्रीनवर घेई आणि त्यांवर बोटांनी रंग चढवी. प्रोग्रॅम सुरुवात करून देई, शेवट माणूस करी. यंत्राला रंग शिकवण्यात वर्षं घालवल्यावर रंग पुन्हा स्वतःच्या हातात घेणं, हे त्याला माघार वाटलं नाही. दोघांत कोणी काय करायचं याची ती नवी वाटणी होती.

एप्रिल २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एन्सिनिटस इथे तो वारला. मृत्यूनंतर नव्या चित्रांचं प्रदर्शन भरवणारा मी इतिहासातला पहिला चित्रकार असेन, असं तो गमतीने म्हणायचा. २०२४ साली न्यू यॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात ‘हॅरॉल्ड कोहेन: आरॉन’ हे प्रदर्शन लागलं, तेव्हा दालनात प्लॉटर प्रेक्षकांसमोर खरोखर चित्रं काढत होते. संग्रहालयाने वेगवेगळ्या काळातल्या आरॉनच्या आवृत्त्या आपल्या संग्रहात घेतल्या आहेत. त्या हव्या तितका वेळ चालवता येतात आणि दर वेळी वेगळं चित्र येतं. नियमांत नसलेली एखादी वस्तू मात्र त्यांच्याकडून निघायची नाही. ती आधी कोणीतरी लिहून द्यावी लागते, आणि आरॉनसाठी ते लिहिणारा माणूस एकच होता.